घरतकाकांचं परमिट

आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर एका रविवारी सकाळी लाल पुठ्ठ्याची पाटी लटकली होती. 'माणसं काम करत आहेत. स्विच चालू करू नये.' खाली नाव, वेळ आणि सही. माणसं म्हणजे एकच माणूस होता आणि तोही त्या वेळी काम करत नव्हता. वॉशर आणायला सुकापूरच्या नाक्यावर गेला होता. मला हे कळायचं कारण म्हणजे मी डोक्याला शाम्पू चोळून नळ उघडला आणि नळातून नुसती हवा आली.

डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली उतरले, तर पंपाभोवती सहा-सात जण बादल्या घेऊन उभे होते. आमचे सेक्रेटरी देशमुख पाटी काढायला पुढे झाले, तेवढ्यात गेटातून आवाज आला, “सेक्रेटरी, हात काढा!” पांढरे बारीक केस, कंपनीचा विटलेला निळा शर्ट, खिशाला टेस्टर, हातात वॉशरची पुडी. हे तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेले घरत, एवढंच मला माहीत होतं.

“ज्यानं टॅग लावला त्यानंच काढायचा,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोनी नाय. कंपनीचा मालक आला तरी नाय.”

“अहो, पण तुम्ही तर बाहेर गेला होतात!” देशमुख म्हणाले.

“गेलेलो. पन काम उघडा हाय ना?”

माझ्या कपाळावरून फेस खाली येत होता. मी जरा चिडूनच विचारलं, “आणि काका, टॅग लावणारा विसरून घरीच निघून गेला तर? बिल्डिंगनं जन्मभर पाण्याशिवाय राहायचं?”

शाळेत शहाण्या मुलीकडे गुरुजी बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बराबर इचारलात. तवा परमिट देनाऱ्यानं फोन करायचा. काम करनारा गेटच्या भाईर गेलाय याची खातरी करायची. मंग तसा लिवून, सही करून टॅग काढायचा. खातरी नाय तर टॅग तसाच.” एवढं सांगून ते पंपापाशी बसले आणि पुढचा पाऊण तास उठले नाहीत. माझा शाम्पू डोक्यावर वाळला. हसुराम घरत या माणसाशी माझी ओळख झाली ती अशी.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून काढली होती. ते दहावी पास की नापास याबद्दल दोन मतं होती, आणि दोन्ही त्यांचीच होती. नाक मात्र पहिल्या वर्गात पास झालेलं. वारा फिरून तळोज्याचा वास सोसायटीत शिरला, की देशमुख तावातावानं तक्रारीचा अर्ज लिहायला बसत आणि घरतकाका गॅलरीत उभे राहून दोनदा हुंगत. “सेक्रेटरी, अर्ज चुकीच्या कंपनीच्या नावानं चाललाय. ह्यो वास तिचे मागचे कंपनीचा हाय.” अर्ज पुन्हा लिहिला जाई. वास तसाच राही, पण निदान बदनामी योग्य कंपनीची होई.

टॅगबद्दल मी एकदा त्यांना छेडलं. घरातला बल्ब बदलतानाही पाटी लावतात, म्हणून मी हसले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आमचा एक जोडीदार व्हता. पट्ट्यावर काम करत व्हता. कोनीतरी स्विच मारला. सकाली हाताला धा बोटा व्हती, सांजला सात.” मग खिशातला टेस्टर सारखा करत, “टॅग लावायचा काम माझा व्हता.” त्यानंतर मी त्या पाटीवरून थट्टा केली नाही. बाकी सगळ्यावरून केली.

थट्टेला विषय भरपूर होते. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं जन्माचं प्लास्टिक होतं. सोफ्यावर बसलं की चर्र आवाज होई. फ्रिजच्या दारावर पातळ निळी फिल्म, टीव्हीच्या रिमोटला पिशवी, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेला कागद, त्यातून वेळ अंदाजानं बघायची. “कवर काढला का वस्तू उघडी पडते,” हे त्यांचं ठाम मत. त्यालाही कारण होतं. खाडीच्या काठच्या गावात खारा वारा लोखंड खातो, पत्रा खातो, सायकलची साखळी एका पावसात संपवतो. सुकापुरात खाडी नाही हे त्यांना कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. हिराकाकू म्हणजे त्यांची बायको, चहा देता देता मला म्हणायची, “बाय, लग्नात मना पन पिशवीत घालून आनला असता, पन तवा एवढी मोठी पिशवी मिलाली नाय.”

हे गाव गव्हाणच्या पलीकडे, खाडीला लागून होतं. होतं असं म्हणायचं, कारण त्या जागी आता विमानतळ आहे. गावाला दुसरीकडे प्लॉट मिळाले, लोकांनी तिथं मजले चढवले. घरतकाकांनी आपल्या वाट्याची जागा भावाला दिली आणि आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. गावातल्या माणसांच्या मध्ये राहून गाव नाही हे बघणं त्यांना जमलं नसावं, असा माझा अंदाज. ते स्वतः यावर बोलत नसत. कोणी कौतुकानं म्हटलं, की काका, तुमच्या घरावरून विमान जाणार, तर ते शांतपणे दुरुस्ती करत. “वरून नाय. माझे ओटीवरूनच उठतं.”

घर पाडलं त्या दिवशी ते सेकंड शिफ्टला होते. सुट्टी मिळत असून घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पाडायचं काम संपलं होतं. हे मला हिराकाकूनं सांगितलं. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. आणि त्या घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. लग्नाचे, बारशांचे, गणपतीचे अल्बम होते, पण सगळ्यात माणसं दाटीवाटीनं उभी आणि मागे हातभर भिंत. “घराचा फोटो कोन काढतो?” काका म्हणाले होते. “घर हाय तिथंच हाय.”

आता माझ्याकडे वळते. मी ज्युनियर कॉलेजात वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे पुस्तकातून शिकवते. 'सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की ते मला झोपेतही लिहिता येईल, पण तो मेंदू मी कधी हातात घेतला नव्हता. कॉम्प्युटर बंद पडला तर तो बंद करून चालू करायचा आणि तरीही बंद राहिला तर शिपायाला हाक मारायची, एवढी माझी दुरुस्तीची विद्या. दुसरी माझी खासियत म्हणजे सही. कॉलेजात पुढे येईल त्या कागदावर मी सही करते. वाचत बसले तर घरी कधी जाणार?

विमानतळ दाराशी आला तेव्हा आमच्या मुलांनी पायलट व्हावं असं प्राचार्यांच्या मनानं घेतलं. करिअर दिनाला विमान चालवायचा एक गेम दाखवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. लॅबच्या जुन्या डिस्कवरून तो गेम मी लॅपटॉपवर चढवला आणि घरी बसून विमान आपटण्याचा सराव करत होते. घरतकाका माझी बेल दुरुस्त करायला आले होते. दाराच्या बटणावर लाल टॅग लावून ते आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

“म्याडम, ह्या खाली खरीखुरी जमीन हाय?”

“हो काका. उपग्रहातून काढलेले फोटो आहेत.”

“मंग आमचे गावावरून न्या.”

मला वाटलं, आता यांना स्वतःच्या ओटीवरची धावपट्टी दिसणार, आणि माझंच तोंड कडू झालं. पण विमान खाडी ओलांडून गेलं, तर धावपट्टी नव्हतीच. टेकडी होती. खाजण होतं, मिठागरांचे चौकोन होते. डिस्क जुनी, तिच्यातले फोटोही जुने. टेकडी कापायच्या आधीचे. टेकडीच्या पायथ्याशी तांबूस रंगाचा एक फरकाटा होता. एवढ्यात लॅपटॉप धापा टाकायला लागला, चित्र अडकलं आणि आम्ही खाडीत पडलो.

काका वाकून त्या स्क्रीनकडे बघत होते. “त्यो तांबडा डाग आमचा गाव हाय. ह्याच्यान घर दिसंल का?”

“या लॅपटॉपमध्ये तेवढी ताकद नाही. त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर लागतो. मोठं ग्राफिक्स कार्ड, मोठी मेमरी...”

“मंग ताकदीचा आनू,” ते म्हणाले, आणि माझी बेल तशीच उघडी टाकून खाली गेले. टॅग दोन दिवस बटणावर लटकत होता. मी काढला नाही.

पनवेलच्या दुकानात आम्ही सुटे भाग घ्यायला गेलो. यादी मी इंटरनेटवरून उतरवली होती आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी काय असतात याचा मला पत्ता नव्हता. दुकानदारानं विचारलं, “सर, खेळणार कोण?” काका म्हणाले, “मी.” दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मी कॉम्प्युटरच्या शिक्षिकेसारखा चेहरा केला. मग त्यानं अभिमानानं सगळ्यात भारी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, लावून दाखवलं. काचेच्या आत सात रंगांचे दिवे एकामागून एक गरगर फिरत होते.

काका दोन पावलं मागे सरले. “ह्याच्यान लाल कशाचा अलार्म?”

“अलार्म नाही सर, डिझाइन आहे.”

“आन् पिवला? निला?”

“सगळं डिझाइन.”

“म्हंजे सगले अलार्म एकाच टायमाला, आन् झाला काहीच नाय?” तीस वर्षं एकेका दिव्याचा अर्थ पाठ करून प्लँट सांभाळलेल्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. दुसरं काळं कॅबिनेट घेतलं. त्यातही एक दिवा निघालाच, त्याची वायर त्यांनी घरी येताच उपटली.

जोडणी रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये. जमिनीवर धुतलेली चादर, तिच्यावर भाग ओळीनं मांडलेले, आणि काकांनी माझ्या पुढ्यात एक कागद सरकवला. कंपनीतल्या वर्क परमिटची, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदाची, हातानं आखलेली नक्कल. कामाचं स्वरूप: कॉम्प्युटर बसवणे. काम करणार: ह. घरत. परमिट देणार: इथे माझं नाव. मी सवयीनं पेन काढून सही केली.

“वाचलात?”

“हो.”

“धोक्याचे रकान्यान काय लिवलंय?”

मी कागदावर तो रकाना शोधायला लागले. त्यांनी कागद ओढून घेतला, टराटरा फाडला आणि दुसरा आखायला बसले. “वाचल्याबिगर सही नाय, म्याडम. सही म्हंजे तुमी बगून आलात.” वीस वर्षांत मला हे प्राचार्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगावं अशी परिस्थितीही नव्हती. दुसरा कागद मी वाचला. धोक्यांत लिहिलं होतं, 'मॅडम घाई करतात.'

मग त्यांनी मेन स्विच पाडला आणि लाल टॅग लावला. आतून मिक्सर थांबल्याचा आवाज आला आणि अर्धवट वाटलेल्या खोबऱ्याचं भांडं घेऊन हिराकाकू बाहेर आली. तिनं पाटी वाचली. “माणसं काम करत आहेत? म्हंजे मी कोन, मानूस नाय?” काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. तिनं पाटा काढला आणि पुढचा तासभर स्वयंपाकघरातून जो आवाज येत होता तो काही नुसत्या खोबऱ्याचा नव्हता.

मी मॅन्युअल वाचायचं आणि काकांनी बसवायचं असं ठरलं होतं. मी मेंदू म्हणून जो उचलला तो मेंदू नव्हता, हे त्यांनी मॅन्युअलमधलं चित्र बघून मला सांगितलं. खरा मेंदू बिस्किटाएवढा होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून असा बसवला, की टक असाही आवाज झाला नाही. वर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, पेस्टवर थंड करायचा कूलर घट्ट आवळला. दुपारी टॅग निघाला, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. मग मी त्याच जुन्या डिस्कवरून गेम चढवला.

मुंबईच्या जुन्या विमानतळावरून छोटं विमान उडवायचं, खाडी ओलांडायची आणि गाव गाठायचं. साताठ मिनिटांचा रस्ता. चित्र असं स्वच्छ होतं की खाडीतले मचवे मोजावेत. हिराकाकू राग विसरून पदराला हात पुसत येऊन बसली. खाडी सरली, मिठागरं आली, टेकडी दिसली, आणि कॉम्प्युटर पटकन बंद झाला.

पुन्हा लावला. पुन्हा खाडी, मिठागरं, टेकडी, आणि काळोख. तिसऱ्यांदाही तेच. गाव आलं की तो डोळे मिटत होता.

मग आठवडाभर माझी विद्वत्ता चालली. व्हायरस असेल, असं मी म्हणाले. सगळं पुसून पुन्हा टाकलं. कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं, सोळा उत्तरं आली, ती सगळी करून बघितली. आणि प्रत्येक वेळी, “बंद करून परत चालू करू या का?” शेवटी काकांनी माझा हात बटणावरून बाजूला केला. “ट्रिप झाला म्हंजे मशीन सांगतो, मना काय तरी दुखतंय. आन् तुमी त्याला परत परत उठवता.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हिराकाकू दारात येऊन उभी राहिली होती. तिनंच मला नंतर सांगितलं, की त्या आठवड्यात ते नीट जेवले नव्हते. घर एकदा बघायचं राहिलं ते राहिलंच. आता दुसऱ्यांदा दारापर्यंत नेऊन कोणी दिवा घालवत होतं.

शनिवारी त्यांनी सगळं सोडून एक साधी गोष्ट केली. कॅबिनेट उघडं ठेवून यंत्र चालू केलं, वहीत दर मिनिटाला स्क्रीनवरचं आतलं तापमान लिहिलं आणि दर मिनिटाला कूलरला बोट लावलं. आकडे चढत गेले, चढत गेले आणि खटकन बंद. बोट तसंच कूलरवर होतं.

“म्याडम, हात लावा.”

मी लावला. गार होता.

“मेंदू जलतोय आन् टोपी थंड. मधी कोन तरी बसलाय.”

टॅग लागला, परमिट मी वाचून दिलं, कूलर उघडला. त्याच्या तळाशी, पेस्टमध्ये बरबटलेली, एक पारदर्शक फिल्म होती. कूलरचं जन्माचं प्लास्टिक. मॅन्युअलच्या त्या पानावर ते सोलून काढा असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. मला बसवतानाच ती फिल्म दिसली होती, पण त्या घरात प्लास्टिक काढा म्हणायचं म्हणजे पाहुण्यानं यजमानाला कपडे बदला म्हणण्यासारखं, म्हणून मी ते पान उलटलं होतं. आणि काकांना ती दिसली तेव्हा कंपनीनं आठवणीनं कवर घातलं म्हणून बरं वाटलं होतं. हे आम्ही दोघांनी एकमेकांना तिथल्या तिथे कबूल केलं.

काकांनी ती फिल्म सोलून बाजूला ठेवली. मग वही ओढली आणि अपघाताच्या अहवालात लिहितात तसं लिहिलं: 'कारण: सवय.' हिराकाकूनं वाकून ते वाचलं, ती सोफ्याकडे गेली आणि एका टोकाकडून प्लास्टिक फाडायला लागली. काका बघत राहिले. त्यांनी तिला थांबवलं नाही. तो सोफा मरून रंगाचा होता हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा उडालो. खाडी सरली, मिठागरं सरली, टेकडी आली आणि कॉम्प्युटर चालूच राहिला. खाली गाव होतं. देऊळ, तळं, तळ्याकडून जाणारी वाट, आणि कौलांची दाटी. काका बोटांनी कळा दाबत होते आणि मानेनं विमान वळवत होते. फार खाली गेलं की चित्र फुटायचं, वर गेलं की बारीक व्हायचं. एका ठरावीक उंचीवरच सगळं नीट दिसायचं. ती उंची सापडली तेव्हा त्यांनी विमान थांबवलं. गेममध्ये तसं थांबवता येतं, हवेतल्या हवेत.

“तो बग,” ते हिराकाकूला म्हणाले. तांबड्या कौलांचं लांबट घर आणि एका कोपऱ्यावर निळा तुकडा.

“माझी ताडपत्री!” ती म्हणाली. “दोन वर्सं सांगत व्हते, कौला बदला, कौला बदला. बगा, आभालातून पन दिसतंय!”

“बदलनार व्हतो.”

“कवा?”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मला तिथून उठावंसं वाटलं, पण मधोमध बसले होते. ते रडले. आवाज न करता, स्क्रीनकडे बघत. हिराकाकूही रडत होती आणि मधेच अंगणातल्या एका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणत होती, ती माझी सोलापुरी चादर. काका डोळे पुसत म्हणाले, चादर कसली, मिठाच्या गोणी हायत. हा वाद पुढे वर्षभर चालला. मला दोघांनी वेगवेगळं गाठून साक्ष मागितली. मी वाचल्याशिवाय सही देत नाही, असं दोघांनाही सांगितलं.

मग रोज चार वाजता काका उडायचे. चहाचा कप कीबोर्डपासून लांब ठेवायचे आणि निघायचे. गावावर दोन घिरट्या, मग घराशी येऊन थांबायचं. ते कधीच उतरले नाहीत. मी एकदा विचारलं, “काका, लँडिंग शिकून घ्या ना. मी दाखवते.”

“कुठं उतरू? उतरायला पट्टी पायजे.” आणि स्क्रीनवर बोट ठेवून, “पट्टी व्हनार तिथं माझा घर हाय.” म्हणाले ते हसून, पण मी लँडिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

एका संध्याकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप आला, नवीन आवृत्ती आली आहे. अपडेट नेहमी करत राहावं, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. माझं बोट सवयीनं बटणाकडे गेलं.

“थांबा. वाचलात?”

मी वाचलं. जमिनीचे नवे फोटो. नव्या विमानतळासह. मोठ्यानं वाचायला लागले आणि मधेच थांबले. काका उठले, कॉम्प्युटरच्या मागे गेले आणि इंटरनेटची वायर काढली. मग कपाटातून लाल टॅग आणला, नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली आणि वायरच्या टोकाला बांधला. परमिटही रीतसर केलं. कामाचं स्वरूप: देखरेख. काम संपण्याची वेळ: रिकामी.

“काका, ही रिकामी ठेवता येत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

“काम संपला का भरू,” ते म्हणाले. मी वाचून सही केली. सगळं वाचलं होतं. तेवढा एक रकाना रिकामा आहे हे बघून केली.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून त्या मरून सोफ्यावर आडवे झाले आणि चारला उठले नाहीत. दहा मिनिटं जास्त झोपलेत म्हणून हिराकाकूनं चहा झाकून ठेवला होता. मला त्यांची इतकी सवय झाली होती, की पुढे कितीतरी दिवस कॉलेजात एखादा कागद पुढे आला की मी तो वाचत बसे आणि मग घरी यायला उशीर होई.

पुढे तीनेक महिन्यांनी उलव्याला दिलेल्या त्यांच्या मुलीचा हिराकाकूला फोन आला. कॉम्प्युटर नुसताच पडून आहे, जावयांना ड्रॉइंगच्या कामाला उपयोगी पडेल, नेऊ का? यात काहीच गैर नव्हतं. हिराकाकू तिला म्हणाली, ने बाय, पण त्या वायरीला टॅग आहे, तो मी काढणार नाही. आणि मला बोलावणं धाडलं. “तुमी परमिट दिलेला. तुमीच बंद करा.”

मी गेले. परमिटची फाइल कपाटात पहिल्याच कप्प्यात होती. शेवटच्या कागदाच्या तळाशी, त्यांच्या अक्षरात, टॅग लावणाऱ्यानं स्वतः टॅग काढला नाही तर भरायची ओळ होती: 'काम करणारा आवाराबाहेर गेला आहे याची मी स्वतः खात्री केली आहे.' पुढे सहीची जागा. मी पेन काढलं. नेण्याआधी यंत्र चालू स्थितीत आहे एवढं तपासावं, म्हणून बटण दाबलं आणि गेम उघडला. गेमनं त्यांचा शेवटचा थांबा आठवणीत ठेवला होता.

टेकडी, तळं, तळ्याकडून येणारी वाट. आणि त्या ठरावीक उंचीवर, नाक घराकडे करून, ताडपत्रीच्या कोपऱ्यावर किंचित कललेलं विमान उभं होतं.

हिराकाकू माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं पांढऱ्या ठिपक्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “गोनीच असतील. म्हनू द्या त्याना.”

मी गैरहजर मुलांच्या हजेरीवर सह्या केल्या आहेत, न झालेल्या मीटिंगांच्या वृत्तांतांवर सह्या केल्या आहेत. ती ओळ मी दोनदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि मुलीला फोन करून सांगितलं, की जावयांसाठी दुसरा बघू, मी येते दुकानात.

“काय झाला, बाय?” काकूनं विचारलं.

“काम चालू आहे, काकू,” मी म्हटलं.